पाटाच्या इंजिनावरची पितळी पट्टी

लोकांना वाटतं, वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती आगीची. तसं काही नसतं. आग बिचारी आपल्या जागी जळत असते. भीती असते ती पाण्याची, म्हणजे पाणी कमी पडण्याची. मी जन्मभर बॉयलरच्या फिटरचं काम केलं, थंड झालेल्या बॉयलरच्या पोटात शिरून गंज खरवडला, तेव्हा हे माझ्याकडून ऐकून ठेवा. तुमच्या अंकासाठी ‘नोकरीतले अनुभव’ मागितलेत खरे, पण सगळी नोकरी सांगत बसलो तर वाचणाऱ्याला झोप लागेल. मी एका इंजिनाचं सांगतो. त्या इंजिनानं मला जेवढं नाचवलं तेवढं साहेब लोकांनीसुद्धा नाचवलं नाही.

आधी थोडी शिकवणी. इंजिनात मागच्या बाजूला फायरबॉक्स असतो, म्हणजे चूल. चुलीला लोखंडी छत असतं आणि त्या छतावर पाणी असतं. पाणी आहे तोवर छताला काही होत नाही. भरलं पातेलं चुलीवर कितीही वेळ ठेवा, आणि रिकामं पातेलं जरा ठेवून बघा, तोच फरक. पाणी छताच्या खाली गेलं तर लोखंड लाल होऊन मऊ पडतं, आणि वर वाफेचा दाब असतोच. मग बॉयलर फुटतो आणि इंजिनावरची माणसं शोधायला शेतं धुंडाळावी लागतात. म्हणून छतात एक शिशानं भरलेला प्लग बसवतात. पाणी उतरलं की आधी शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ चुलीत घुसते आणि आग मारून टाकते. माणसं वाचतात, बॉयलर वाचतो, ड्रायव्हरची अब्रू मात्र जाते. ‘अमक्यानं प्लग जाळला’ हे एकदा झालं की पोरीच्या सोयरिकीपर्यंत ते पुढं पुढं चालतं. नोकरी जाते ती वेगळीच.

आता ते इंजिन. नांदेडच्या बाजूला आमचं मीटरगेजचं शेड होतं. वाफेची नवी इंजिनं बनणं बंद झालं होतं आणि डिझेल आमच्या वाट्याला यायचं होतं. तेव्हा कुणा हुशार साहेबाच्या डोक्यातून निघालं की जुन्या इंजिनांची चाकं आणि सांगाडा दणकट आहे, बॉयलर तेवढे थकलेत. तर दुसऱ्या मोठ्या वर्गाची जी इंजिनं मोडीत निघाली, त्यांचे चांगले बॉयलर काढून यांच्यावर चढवा. वर्कशॉपनं तशी पाच इंजिनं करून दिली. कागदावर त्यांचं लांबलचक नाव होतं. शेडात सगळे त्यांना ‘पाटाच्या’ म्हणायचे. पाट लावणं म्हणजे दुसरा संसार मांडणं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

पहिलं आलं ते अकरा नंबर. काय इंजिन होतं म्हणून सांगू! बॉयलर लांब आणि उंच, चूल रुंद. मुदखेडच्या पुढच्या चढावर जुनं इंजिन अर्ध्यात दम टाकायचं, मग ड्रायव्हर-फायरमन वाफ होईपर्यंत बिडी ओढत बसायचे. अकरा नंबर तोच चढ चार डबे जास्त लावून तोंडातून भकाभक धूर सोडत चढून जायचं. पहिल्या दिवशी मी फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहतो त्या फळीवर होतो, आणि चढ संपल्यावर लहान पोरासारखा हसत होतो, हे कबूल करतो.

मी मूळचा देवणीचा. आमच्या सगळ्या भावकीचं दुकानदारीवर पोट. ‘लिंगायताचं पोर तागडी सोडून कोळशात हात घालायलंय’ म्हणून घरचे बरीच वर्षं माझ्यावर रुसून होते. माझे एक चुलते बैलांचे पारखी होते, देवणी बैलाच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. ते एकदा इंजिन बघायला म्हणून आले. अकरा नंबरभोवती तीन फेऱ्या मारल्या, चाकांना हात लावला, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाले, “शिवलिंगा, पाय जुने हायेत, वशिंड नवं हाय. चालंल लई जोरात. पण जू पहिल्यासारखं बसायचं न्हाई, ते बघून घे.” मी हसलो. त्यांचं बोलणं मी मनावर घेतलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं आणि तुम्हाला हे वाचावं लागलं नसतं.

शेडात एक रीत होती. इंजिन वर्कशॉपला जाणार असेल तर त्याचं पितळ आम्ही आधी काढून पेटीत ठेवायचो, शिट्टी, नंबराची पाटी, असं सगळं. तिकडं गेलेलं पितळ परत येत नाही, हा अनुभव. इंजिन परत आलं की नारळ फोडून ते ‘माहेरचं पितळ’ पुन्हा चढवायचं. अकरा नंबरच्या पितळात एक पट्टीही होती. बॉयलरला काचेची एक उभी नळी असते, तिच्यात आतलं पाणी किती आहे ते दिसतं. तिच्या शेजारी ही पट्टी असायची, पुढं बाणाचं टोक असलेली. पाणी या बाणाच्या खाली गेलं की छत उघडं पडण्याची सुरुवात, असा तिचा अर्थ. काच कितीही लांब असली तरी ड्रायव्हरनं बाण बघायचा.

वर्कशॉपनं नव्या बॉयलरवर पत्र्याची एक रंगवलेली भिकार निशाणी लावून दिली होती. पहिल्या धुलाईला बॉयलरवरचं पत्र्याचं आवरण काढलं, त्याबरोबर ती निशाणीही निघाली. मी म्हटलं, हे टिनपाट परत कशाला, आपली पट्टी आहे की. चिंच आणि राखेनं घासून सोन्यासारखी केली, आणि फूटप्लेटच्या फळीपासून मोजून बसवली. माप मला तोंडपाठ होतं. इतकी वर्षं मी तीच पट्टी काढत-बसवत होतो. फक्त बॉयलर बदलला होता. वशिंड उंच झालं होतं, आतलं छतही अडीच इंच वर गेलं होतं. मी पट्टी जुन्या उंचीला लावली. नव्या बॉयलरचा नकाशा भिंतीवर टांगलेला होता, तो मी बघितलासुद्धा नाही.

कित्येक महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुठलाही ड्रायव्हर पाणी अर्धी काच भरून ठेवतो. बाणापर्यंत उतरू देतो कोण? त्यासाठी दुष्काळ पडावा लागला.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. आमचं देवणीही त्यात गेलं. भावानं दुकानाच्या पाटीवर ‘जि. लातूर’ असं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं, आणि मी शेडात पेढे वाटले. लगेच पाऊस दगा देऊन बसला. नांदेडवाले मला चिडवायचे, “अप्पा, जिल्हा नवा आणला, पाणी कामून आणलं न्हाई?” हसण्यावारी नेता येईल असे दिवस ते नव्हते. भोकरच्या बाजूला विहिरींचे तळ दिसायला लागले. मग नांदेडला गोदावरीचं पाणी टाक्यांच्या डब्यांत भरून भोकरला गाडी न्यायची, असं ठरलं. ओझं जबर, म्हणून इंजिन अकरा नंबर. ड्रायव्हर गफूरभाई.

गफूरभाई म्हणजे आमच्या शेडाचा दागिना. उंच, सडपातळ, दाढी मेंदीची. गाडी अशी उभी करायचे की गार्डाच्या हातातला चहा सांडत नसे. त्यांच्याबरोबर फायरमन सुदाम, उमरीचा, तिशी-पस्तिशीचा, शांत आणि कामाला वाघ. दलित समाजातून आमच्या शेडात फूटप्लेटवर गेलेला तो पहिला, त्यामुळं चूक होऊ द्यायची नाही असा त्याचा हट्टच होता.

मुदखेड आणि भोकरच्या मधे रेल्वेचं एक लहानसं ठाणं होतं. तिथं गाडी पाच मिनिटं थांबायची. पाण्याची गाडी जाते म्हटल्यावर आसपासच्या वाड्यांतल्या बाया घागरी घेऊन रुळाकडेला उभ्या राहू लागल्या. डब्यांना सीलं होती. पण इंजिनाच्या मागं टेंडर असतो, त्यात बॉयलरसाठीचं पाणी असतं, त्याला सील नसतं. गफूरभाई रबरी नळी सोडून त्या बायांना टेंडरमधलं पाणी द्यायचे. नियमात अजिबात बसत नव्हतं. “प्यायचं पानी हाय का हे, माय? उकळून घ्या,” असं प्रत्येकीला सांगायचे. टेंडर हलका झाला की पुढं भोकरपर्यंत ते बॉयलरला पाणी हात राखून घालायचे. टेंडर फारच उतरला तर पाणी बाणाच्या वर दोन बोटांवर येऊ द्यायचे, त्याखाली नाही. दोन बोटं म्हणजे बाण खरा असेल तर काही धोका नव्हता.

त्या दिवशी घागरी नेहमीपेक्षा जास्त होत्या. ठाण्यावरून निघाल्यावर चढ चढले, माथ्यावर आले आणि इंजिनाचं तोंड उताराला लागलं. उताराला पाणी बॉयलरच्या पुढच्या टोकाला धावतं आणि मागं चुलीवर आणखी कमी होतं. प्लग गेला. चुलीच्या दारातून वाफ भस्सकन बाहेर आली, सुदामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. गफूरभाईंनी गाडी जागेवर थांबवली, सुदामला खाली उतरवलं, आपल्या मुंडाशाचं कापड ओलं करून त्याच्या हाताला गुंडाळलं आणि मग रुळाकडेला मातीत मटकन बसले. दुसरं इंजिन येऊन गाडी ओढायला संध्याकाळ झाली. भोकरला तोवर लोक भांडी मांडून बसले होते.

शेडात बातमी आली तेव्हा माझा विश्वास बसेना. गफूरभाई आणि प्लग? दुसऱ्या दिवशी इंजिन थंड झालं, मी आत शिरलो, दिवा वर धरला. छताचं लोखंड मागच्या कडेला निळं पडलं होतं. बाणाच्या वर पाणी असताना हे होणारच नाही. मी बाहेर आलो, पाणी भरलेली रबरी नळी घेतली, एक टोक आत छताशी बांधलं आणि दुसरं बाहेर पट्टीशी आणलं. गवंडी लोक पातळी बघतात तशी ती पद्धत. नळीतलं पाणी पट्टीच्या अडीच इंच वर येऊन थांबलं. मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. मग टेकून बसलो. ज्या हातानं ती पट्टी घासली होती तो हात मला बघवेना.

आता जे केलं ते सांगतो. इंजिनाला नवा प्लग बसवून लगेच कामावर लावायचं होतं, दुष्काळ कुणासाठी थांबत नव्हता. चुकीची पट्टी तशीच ठेवली असती तर पुढच्या ड्रायव्हरच्या जिवाशी खेळ. म्हणून मी पट्टी काढून अडीच इंच वर, योग्य जागी बसवली. इथवर बरोबर. पण जुन्या जागेची दोन भोकं राहिली होती, ती मी स्क्रू घालून बुजवली आणि वरून काळा रंग फासला. त्या रंगानं कुणाचाच जीव वाचणार नव्हता. मला ते तेव्हाही कळत होतं.

चौकशी लागली. बाहेरून एक साहेब आले, आंध्राकडचे, बोलायला कमी आणि लिहायला जास्त. प्रकरण सरळ दिसत होतं. ड्रायव्हरनं टेंडरमधलं पाणी वाटलं, पाणी कमी पडलं, प्लग जळला. पाणी वाटल्याचं गफूरभाई नाकारत नव्हते. पण बाणाच्या वर दोन बोटं पाणी होतं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगायचे. शेडात कुजबूज होती की नोकरी जाणार. मी मनात म्हणत होतो, काहीतरी होईल, साहेब समजुतीनं घेतील, एखादी ताकीद देऊन सोडतील. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्यासारखा वकील नाही.

चौकशीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी गफूरभाई माझ्या बाकाशी आले. हातात कागद होता.

“अप्पा, लिहून देतो मी. गलती माझीच.”

“असं कसं म्हणता? पाणी होतं म्हणालात ना?”

“म्हणालो. पण काल जाऊन इंजिनावर उभा राहिलो. पट्टी बघितली. पट्टी मला वाटली त्याच्यापेक्षा वर हाय रे. मला पानी दिसलं ते तिच्या खाली होतं. मी इतके दिवस खालीच बघत होतो म्हणायचं. नजर गेली माझी. सुदामचा हात माझ्यामुळं जळाला.”

त्यांनी कागद माझ्या बाकावर ठेवला. नोकरी जाण्याचं दुःख मी समजू शकलो असतो. इथं हा माणूस, ज्याच्या डोळ्यांवर अख्ख्या लाइनीचा भरवसा, तो स्वतःच्या डोळ्यांना खोटं म्हणत होता. आणि ते डोळे मी फोडले होते, काळ्या रंगाच्या एका फटकाऱ्यानं. मी म्हणालो, “कागद देऊ नका. माझ्यासोबत चला.”

साहेबांपुढं जाऊन मी सगळं सांगितलं, पट्टी कुणी लावली, कशी चुकली, कधी हलवली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

“दोस्त है इसलिए बोल रहे हो,” ते म्हणाले. “पुरावा काय?”

“इंजिनावर आहे, साहेब. पण आधी एक करा. पट्टीवर पोतं टाका आणि गफूरभाई आणि सुदामला वेगवेगळं वर बोलवा. त्या दिवशी पाणी कुठं होतं, ते खडूनं दाखवू द्या.”

साहेबांना ते पटलं. मग सगळं शेडच अकरा नंबरभोवती गोळा झालं, कुणाला हटकायची सोय राहिली नाही. आधी सुदाम चढला, उजवा हात बँडेजात, डाव्या हातानं खडू धरला. काचेशेजारच्या पत्र्यावर त्यानं न थबकता एक रेघ मारली. साहेबांनी तिची उंची मोजून घेतली आणि रेघ पुसून टाकली.

मग गफूरभाई. ते खडू घेऊन नुसते उभे राहिले. “काय मारू, साहेब? मला जे दिसलं ते खरं न्हाईच.”

मी खालून म्हणालो, “गफूरभाई, विचार करू नका. गाडी चालवायला उभे राहता तसे उभे राहा. हात रेग्युलेटरवर घ्या. माथा आलाय. आता बघा.”

त्यांनी गुडघा जरा वाकवला, डावा हात वाफेच्या दांड्यावर घेतला, मान खिडकीकडं केली, आणि मग सवयीनं नजर काचेवर टाकली. उजव्या हातानं रेघ मारली. साहेबांनी मोजलं. सुदामची रेघ आणि ही रेघ यांत केसाचा फरक नव्हता.

आता मी वर चढलो, छिन्नी घेतली आणि काळा रंग खरवडला. स्क्रू दिसले, ते काढले. दोन भोकं उघडी झाली. खडूची रेघ त्या भोकांच्या दोन बोटं वर होती. साहेब स्वतः पांढऱ्या कपड्यांत चुलीत शिरले, नळीचं टोक स्वतःच्या हातानं छताला धरलं, आणि काजळी माखून बाहेर आले. “अडीच इंच,” एवढंच म्हणाले.

गफूरभाई खाली उतरत नव्हते. ते रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होते. “दोन बोटं,” सुदामला म्हणाले, “दोनच बोटं वर होतं की रे.”

निकाल पुढं महिन्यानं आला. प्लगचा ठपका गफूरभाईंवरून निघाला. पाणी वाटल्याबद्दल ताकीद मिळाली. मला खालच्या दर्जावर उतरवलं, आणि ते योग्यच झालं. पण मला सांगायचं ते निकालाचं नाही, रेघा मारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं आहे. पाण्याची गाडी भरून उभी होती आणि दुसरा ड्रायव्हर आजारी. साहेबांनी गफूरभाईंना विचारलं, नेता का? ते म्हणाले, “नेतो. पण अप्पाला वर द्या. इंजिन त्यानं दुरुस्त केलंय, तो संग पाहिजे.”

निघालो. फायरमन दुसरा होता, कामात गढलेला. अकरा नंबर मस्त चाललं होतं, चढाला लागल्यावर तर त्याचा आवाज छातीत घुमायला लागला. तेवढ्यात गफूरभाईंनी पुढं बघतच विचारलं,

“पट्टी हलवली ते समजलं मला. चांगलंच केलं. भोकं कामून बुजवली?”

रुळांच्या खडखडाटात खोटं बोलणं सोपं असतं. निम्मं ऐकू जात नाही. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, “भ्यालो, गफूरभाई.”

त्यांनी मान हलवली. चढ संपत आला, माथा दिसायला लागला. फायरमन कोळसा टाकायचा थांबला. इंजिनाचं तोंड हळूच खाली झुकलं, तीच जागा, तोच उतार.

“अप्पा, पानी सांग.”

मी काचेपुढं वाकलो. पाणी पुढं धावलं, हललं, थांबलं. मी बाण बघितला, मनातल्या मनात नकाशा बघितला, पुन्हा बाण बघितला.

“दोन बोटं वर.”

गफूरभाईंनी मान वळवून काचेकडं बघितलं नाही. त्यांनी दांडा सैल केला आणि गाडी भोकरच्या उताराला सोडली.